जुन्या बुलेटला सेल्फ : बटण सगळ्यात शेवटी

गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस बुलेट विकायला काढत नाही. तो आधी विचारतो, "हिला सेल्फ बसेल का?" धार आणि देवासच्या मराठी घरांतून अशा गाड्या अजून निघतात. कास्ट आयर्न इंजिनाची ३५० बुलेट, वडिलांनी घेतलेली, दसऱ्याला हार घालण्यापुरती का होईना पण बाहेर निघणारी. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरात, गाडी चालवणारे साठीच्या पुढचे, आणि माळव्यातल्या जानेवारीत सकाळी सातला मारायची ती किक! प्रश्नाचं उत्तर 'बसेल' असंच आहे. पण सेल्फ बसणं वेगळं आणि सेल्फवर गाडी रोज चालू होणं वेगळं. बहुतेकांचे पैसे या दोहोंच्या मधल्या जागेत बुडतात, कारण ते सुरुवात मोटर विकत घेण्यापासून करतात. मोटर हे शेवटचं काम आहे. आधी टायमिंग, मग वीज, मग मोटर.

हा प्रश्न आपल्या भागात विचारला जावा यात एक गंमत आहे. बटणानं दुचाकी चालू करायची सवय या देशाला ज्यांनी लावली, त्यांतला एक मोठा कारखाना धार जिल्ह्यातच होता. फिरोदियांची कायनेटिक इंजिनिअरिंग आणि जपानची होंडा यांची भागीदारी १९८४ साली सुरू झाली आणि कायनेटिक होंडा पीथमपुरात बनू लागली. ९८ सीसी, गिअर नाहीत, अंगठ्यानं बटण दाबलं की चालू. इकडे चेतकवाले स्कूटर एका अंगावर तिरकी करून पेट्रोल वर आणत होते, किकवर किक मारत होते, आणि शेजारची बाई साडी सावरून कायनेटिकवर बसून निघूनही जात होती. १९९८ मध्ये होंडा बाहेर पडली, २००८ मध्ये तो दुचाकीचा व्यवसाय महिंद्राकडे गेला, आणि २०१८ साली पुन्हा बाजारात आलेली जावा पीथमपुरातच तयार होऊ लागली. जुन्या जावात एकच दांडा किकचंही काम करायचा आणि गिअरचंही. नव्या जावाला किकच नाही, फक्त बटण.

कायनेटिकचं बटण चाललं, कारण ती गाडी पहिल्या रेघेपासून बटणासाठीच आखलेली होती. इंजिन लहान, बॅटरी १२ व्होल्टची, इग्निशन इलेक्ट्रॉनिक, आणि चालू होताना क्लच आपोआप सुटलेला, म्हणजे मोटरला फक्त इंजिन फिरवायचं. तुमच्या बुलेटचं सगळंच उलटं. एकच मोठा पिस्टन, ७० मि.मी. बोअर, ९० मि.मी. स्ट्रोक, ३४६ सीसी, जड फ्लायव्हील, आणि पॉइंटवर चालणारं इग्निशन. काही गाड्यांत तर अजून ६ व्होल्टची बॅटरी. त्यावर नुसती मोटर चढवली तर काय होतं, याचे दाखले मोटरसायकलच्या इतिहासात भरपूर आहेत.

अमेरिकेच्या इंडियन कंपनीनं १९१४ मध्ये 'हेंडी स्पेशल' नावाचं मॉडेल इलेक्ट्रिक स्टार्टरसह काढलं. मोटर चांगली होती, बॅटऱ्या दम धरत नव्हत्या. ते मॉडेल लगेचच बंद झालं. साठ वर्षांनी, १९७५ मध्ये, इंग्लंडच्या नॉर्टननं कमांडो मार्क थ्रीला सेल्फ दिला, आणि तो इतका अशक्त निघाला की लोक त्याला किकचा मदतनीस म्हणू लागले. पुढे हौशी मंडळींनीच त्यावर उपाय काढले : मोटर दोन ब्रशची होती ती चार ब्रशची केली, केबल जाड केली, बॅटरी बदलली. आपल्या बुलेटला कंपनीनं कास्ट आयर्न इंजिनातच सेल्फ दिला, तेव्हा तक्रारी आल्या त्या बहुतेक वन-वे क्लचच्या. तिन्ही गोष्टी नीट पाहिल्या तर गुन्हेगार एकटी मोटर कुठेच नाही. कुठे बॅटरी, कुठे केबल, कुठे इंजिनानं उलटी मारलेली लाथ.

या उलट्या लाथेपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात महागडी मोडतोड तीच करते.

बुलेटला किक मारताना कधीतरी दांड्यानं पाय झटकून दिला असेल. पिस्टन अजून वर चढतोय, तोच ठिणगी पडते. इंजिन हळू फिरत असल्यानं पिस्टनला वरचा टप्पा ओलांडण्याइतका जोर नसतो, आणि स्फोट त्याला आल्या वाटेनं परत ढकलतो. क्रँक क्षणभर उलटा फिरतो. किकला तुमचा पाय वर उडतो. सेल्फला तुमच्या पायाच्या जागी वन-वे क्लच असतो. हा भाग दिसायला साधा आहे. दोन कड्या, एकात एक, मधे छोटे पोलादी गट्टू. मोटर बाहेरची कडी पुढे फिरवते तेव्हा गट्टू तिरके होऊन दोन्ही कड्यांमधे पाचर बसवतात आणि क्रँक सोबत फिरतो. इंजिन चालू होऊन मोटरच्या पुढे पळालं की गट्टू मोकळे होतात आणि मोटर सुटते. पण क्रँक उलटा फिरला तर? उलट्या क्रँकची कडी मोटरच्या कडीला तिच्या विरुद्ध दिशेनं ओढते आणि पाचर आणखी घट्ट बसते. इंजिनाचा सगळा झटका मग गिअरच्या दात्यांवर आणि मोटरच्या शाफ्टवर. गट्टू चिरतात, कडी तडकते, कधी आतल्या केसिंगला भेग जाते. 'कट्' असा आवाज येतो आणि त्यानंतर बटण दाबलं की मोटर नुसतीच भिरभिरते.

म्हणून आधी टायमिंग. बुलेटच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण रिटार्ड स्थितीत ठिणगी टॉप डेड सेंटरच्या ०.८ मि.मी. आधी सांगितलेली आहे, आणि पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मि.मी. आपल्याकडचे बरेच उस्ताद टायमिंग कानानं बांधतात, आणि गाडी पळायला छान लागावी म्हणून ते थोडं पुढे ठेवतात. दणकट पायाच्या आणि तरण्या गुडघ्याच्या माणसाला ते चालून जातं. वन-वे क्लचला चालत नाही. कानाच्या हिशेबानं बांधलेलं टायमिंग प्लगच्या भोकातून डायल गेज किंवा साधी खुणेची सळई घालून, टेस्ट लॅम्प लावून पुन्हा बांधून घ्या. उस्ताद नाराज झाले तर होऊ द्या.

दुसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत : ऑटो ॲडव्हान्स युनिट. पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. चाळीस वर्षांत या स्प्रिंगा ढिल्या होतात, पिनांवर गंज धरतो, आणि वजनं बाहेरच अडकून बसतात. मग गाडी उभी असतानाही इंजिन पूर्ण ॲडव्हान्सवर असतं. तुम्ही प्लेटवर टायमिंग कितीही काटेकोर बांधा, लाथ बसणारच. तपासायला हत्यार लागत नाही. पॉइंटचं झाकण काढा, मधला कॅम दोन बोटांत धरा, फिरण्याच्या दिशेनं पिळा आणि सोडा. टपकन जागेवर आला पाहिजे. रेंगाळत आला, किंवा आलाच नाही, तर युनिट खोला, धुवा, पिना पॉलिश करा, स्प्रिंगा नव्या घाला. हे करायची तयारी नसेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट घ्या. पण लक्षात ठेवा, बॅटरीवर चालणारं कुठलंही मोड्यूल मोटर फिरताना व्होल्टेज फार खाली गेलं की बहकतं. म्हणजे पुन्हा गाडी बॅटरीपाशीच येते.

माझा साधा नियम असा : गार गाडी तीन किकच्या आत चालू होत नसेल, तर सेल्फचा विषयच काढू नका. व्हॉल्व्ह गळतोय, कार्ब्युरेटरचा पायलट जेट तुंबलाय, कंडेन्सर मेलाय, कॉइल तापली की ठिणगी देईनाशी होतेय. यांतलं काहीही सेल्फ दुरुस्त करत नाही. उलट, किक मारून दमलेला माणूस थांबतो आणि विचार करतो. बटणाला दमणं माहीत नाही, ते बॅटरी संपेपर्यंत दाबलं जातं. आणि खरं सांगायचं तर या दुरुस्त्या केल्यावर निम्म्या लोकांना सेल्फची गरज उरत नाही. डीकंप्रेसर ओढून, अमीटरचा काटा मधे येईपर्यंत इंजिन हळूच पुढे सरकवून, मग एक भरलेली किक. नीट बांधलेली बुलेट वजनावर चालू होते, ताकदीवर नाही. डॉक्टरांनीच किक मना केली असेल तेव्हा मात्र पुढे वाचा.

आता वीज. तुमची गाडी ६ व्होल्टची असेल तर ती आधी १२ व्होल्टची करावी लागेल, आणि त्याला दुसरा रस्ता नाही. हिशोब सोपा आहे. मोटरसायकलची स्टार्टर मोटर भार घेताना १२ व्होल्टवर साधारण शंभर ॲम्पिअर खेचते, दाबल्याच्या पहिल्या क्षणी त्याहून जास्त. तेवढंच काम ६ व्होल्टवर करायचं तर दोनशे ॲम्पिअर लागतील. तशी केबल आणि तशी बॅटरी बुलेटच्या अंगावर मावायची नाही. १२ व्होल्ट करताना स्टेटर, रेग्युलेटर-रेक्टिफायर, इग्निशन कॉइल, हॉर्न आणि सगळे बल्ब बदलतात. ब्रिटिश बनावटीच्या आणि फार जुन्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असू शकतं. नवा रेग्युलेटर निगेटिव्ह अर्थसाठी बनलेला असतो. हे न बघता जोडला तर तो त्याच मिनिटाला जळतो, आणि दुकानदार तो परत घेत नाही.

बॅटरी १४ ॲम्पिअर-अवरची घ्या. कंपनीच्या सेल्फवाल्या बुलेटला वर्षानुवर्षं हाच आकार होता. किकवाल्या गाडीचा जुना बॅटरीचा डबा लहान पडेल, तो नव्यानं करून घ्यावा लागेल. सीलबंद एजीएम बॅटरी असेल तर जागेची थोडी सोय होते. लिथियमची बॅटरी वजनाला हलकी आणि जोराला मोठी, पण तिला रेग्युलेटर नेमका लागतो; चार्जिंग १४.६ व्होल्टच्या वर गेलं की तिचं आयुष्य संपलं. जुन्या रेग्युलेटरवर ती लावू नका.

लोकांना वाटतं सेल्फ बॅटरी खातो. एकदा आकडे मांडून बघा. शंभर ॲम्पिअर तीन सेकंद, म्हणजे तीनशे ॲम्पिअर-सेकंद. त्याला ३६०० नं भागलं की ०.०८ ॲम्पिअर-अवर. अल्टरनेटर दोन ॲम्पिअर जरी उरवत असेल तरी तीन-चार मिनिटांत भरपाई झाली. देवासचा माणूस टेकडीच्या पायथ्यापासून ए. बी. रोडला लागेपर्यंत हिशोब चुकता. पण पाच-पाच सेकंदांचे दहा प्रयत्न केले तर १.४ ॲम्पिअर-अवर गेले, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. आणि मग धारच्या बाजारात दिवसा हेडलाइट लावून आयडलवर फिरलात तर ते भरून येणारच नाही, कारण आयडलवर जुना अल्टरनेटर हेडलाइटलाही पुरत नाही. खातो तो सेल्फ नव्हे, चालू न होणारं इंजिन.

केबलकडे बारकाईनं बघा, कारण ती स्वस्त वस्तू आहे आणि तिथेच हात आखडला जातो. बॅटरी ते रिले, रिले ते मोटर, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या केसिंगला, तिन्ही ठिकाणी किमान १६ चौरस मि.मी. तांब्याची केबल. सगळी मिळून दीड मीटर धरली तर तिच्यात शंभर ॲम्पिअरला पाव व्होल्टही पडत नाही. घरच्या वायरिंगमधली ४ चौरस मि.मी. वायर वापरली तर साधारण ०.६५ व्होल्ट पडतो. आणि चासीवरच्या रंगावरच अर्थचा बोल्ट आवळला असेल तर त्या एका जोडात दोन व्होल्टही सहज जातात. रंग खरवडा, धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर वरून ग्रीस लावा. केबलची टोकं पकडीनं चेपलेली चालत नाहीत. मोठ्या क्रिम्पिंग मशीनवर दाबून घ्या. बस-ट्रकचं वायरिंग करणाऱ्याकडे हे मशीन असतं, मोटरसायकलवाल्याकडे क्वचित.

एक चूक इतकी वेळा दिसते की वेगळी सांगतो. बुलेटच्या हेडलाइटवर अमीटर असतो आणि गाडीची सगळी वीज त्याच्यातून जाते. स्टार्टरची वीज त्याच्यातून नेऊ नका. ती बॅटरीवरून रिलेला आणि रिलेवरून मोटरला थेट. अमीटर पाच-दहा ॲम्पिअर दाखवायला आहे. शंभर ॲम्पिअरला तो काटा दाखवणार नाही, धूर दाखवेल. बटणाची बारीक वायर फ्यूजमधून रिलेपर्यंत न्या. जाड केबल टाकी आणि सायलेन्सरपासून दूर बांधा, चासीला जिथे घासते तिथे रबरी नळी चढवा. या केबलला फ्यूज नसतो, म्हणून तिचं इन्सुलेशन हाच तिचा फ्यूज समजा. आणि काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा, शेवटी जोडा.

इथपर्यंत आलात तर मोटरचा विषय काढायला हरकत नाही.

देवास एकच गाव, पण तिथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थानं शेजारी-शेजारी नांदली. जुन्या बुलेटमध्येही इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, दोघांचा व्यवहार काय तो डावीकडच्या प्रायमरी चेनमधून. सेल्फचं सगळं काम याच डाव्या बाजूला होतं. गिअर आणि किक उजवीकडे असल्यानं ती बाजू जशीच्या तशी राहते, आणि ही चांगली गोष्ट आहे, कारण किक काढायची नाही. मागचा ब्रेक आणि डावा फूटरेस्ट मात्र याच बाजूला येतात. सेल्फची चेनकेस जास्त फुगीर असते, तेव्हा ब्रेकचं पेडल पूर्ण दाबल्यावर कुठे टेकत नाही ना हे आवळण्याआधी बघा.

त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग म्हणजे कंपनीनं सेल्फसह काढलेल्या कास्ट आयर्न बुलेटचा सुटा संच मिळवणं : आतली आणि बाहेरची चेनकेस, मोटर, मधले गिअर, वन-वे क्लच, रिले. दिल्लीचं करोल बाग आणि पुण्याची नाना पेठ इथे असे संच निघतात, नवेही आणि वापरलेलेही. पण विक्रेत्याच्या "सगळ्याला बसतं, साहेब" यावर जाऊ नका. तुमच्या चेनकेसचं जुनं पॅकिंग न फाडता काढा आणि सोबत न्या. संचाच्या केसिंगवर ते ठेवलं की बोल्टची भोकं जुळतात की नाही ते दिसतं. क्रँकच्या डाव्या टोकाची लांबी मोजून लिहून न्या. तिथे अल्टरनेटरचा रोटर बसतो आणि संचातल्या भागांना जागा पुरणार की नाही हे त्यावर ठरतं. मोटर बसायची जागा डाव्या क्रँककेसवर आहे का, हेही फोटो काढून न्या. वापरलेला संच असेल तर वन-वे क्लच हातात घेऊन फिरवा. एका दिशेला लोण्यासारखा फिरावा, दुसऱ्या दिशेला खटकन थांबावा. थांबताना थोडाही घसरला तर तो भंगार आहे, किंमत कितीही असो.

स्पेसर, बुश, ब्रॅकेट असं काही बनवायची वेळ आलीच तर आपण नशीबवान आहोत. पीथमपूर आणि देवास या दोन्ही औद्योगिक वसाहतींत चांगले लेथवाले आहेत, ज्यांचा रोजचा व्यवहार शतांश मिलिमीटरमध्ये चालतो. मोटरसायकलच्या मेकॅनिककडून 'अंदाजे' वळवून घेण्यापेक्षा माप काढून तिथे द्या. बसवल्यावर रोटर आणि स्टेटर यांच्यामधे फीलर गेज घालून सगळीकडून अंतर सारखं आहे का बघा. एका बाजूला घासत असेल तर चार्जिंग आधी जाईल आणि मागोमाग स्टेटर. चेनकेसमध्ये पुस्तिकेत सांगितलेलंच तेल घाला. मॉलिब्डेनम घातलेलं 'स्पेशल' तेल नको, त्यानं क्लचही घसरतो आणि वन-वेही.

बाहेरून पट्टा किंवा साखळी लावून मोटर जोडलेले घरगुती नमुनेही बघायला मिळतात. व्हिडिओत झकास चालतात. चिखल, दगड आणि पँटचा पाय यांच्यापासून त्यांना आडोसा नसतो. माझं मत विचाराल तर नको. नव्या गाडीचं सेल्फवालं अख्खं इंजिनच बसवणं हा आणखी एक प्रकार. त्यात इंजिन नंबर बदलतो, आणि त्याचं कागदी प्रकरण पुढे सांगतो.

काम झाल्यावर बटण दाबून गाडी चालू झाली म्हणजे काम संपलं असं नाही. एक मल्टिमीटर आणा. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या वर दाखवते. मोटर फिरत असताना ती १० व्होल्टच्या आसपास राहिली तर उत्तम. साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी किंवा इंजिन, कुणीतरी जड आहे. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं मोटरच्या बोल्टवर धरून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट केबल आणि रिलेनं गिळले. अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तसंच निगेटिव्ह टोक ते सिलिंडरची फिन. बहुतेक 'मोटर कमजोर आहे' या निदानांचा निकाल या दोन मापांत लागतो. शेवटी इंजिन चालू करून मध्यम वेगावर चार्जिंग बघा. १४ ते १४.४ व्होल्ट.

वापरायची रीत. थंडीत, गाडी दोन-चार दिवस उभी असेल तर किल्ली बंद ठेवून डीकंप्रेसर ओढा आणि किक हातानं किंवा पायानं दोन-तीनदा हळू फिरवा. गोठल्यासारखं झालेलं तेल हलतं, क्लचच्या प्लेटा सुटतात, आणि हे दुखऱ्या गुडघ्यालाही जमतं. मग किल्ली, चोक, बटण. पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. मधे पंधरा-वीस सेकंद थांबा, मोटर आणि बॅटरी दोघींना श्वास लागतो. तीन वेळांत चालू झाली नाही तर थांबा आणि प्लग बघा. मोटर रडत, अडखळत फिरू लागली की बटण सोडून द्या. हळू फिरणाऱ्या इंजिनालाच उलटी लाथ बसते, हे वर पाहिलंच. अशा वेळी 'अजून एकदा' म्हणणाऱ्यांच्याच गाड्यांचे वन-वे क्लच दुकानात पडलेले असतात. मांडूच्या चढावर, पावसात, गाडी बंद पडली तरी हाच नियम.

बुलेट सोडून इतरांसाठी थोडक्यात. जुनी जावा, येझ्दी, राजदूत, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांना सेल्फच्या फंदात पडू नका. त्यांची किक हलकी असते. चालू होत नसतील तर दोष इग्निशनचा किंवा क्रँकच्या सीलचा. त्यातून जुन्या जावा-येझ्दीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर असल्यानं ती यंत्रणा छेडणं म्हणजे नसती उठाठेव. नॉर्टन कमांडो किंवा ट्रायम्फची ट्विन बाळगणाऱ्यांसाठी फ्रान्सच्या अल्टन कंपनीनं नेमके त्या त्या मॉडेलचे संच काढले आहेत. आयात खर्च धरून ते महाग पडतात, पण मोजून-मापून केलेलं काम असतं. ज्यांना गाडीत काहीच बदल नको त्यांनी शर्यतीत वापरतात तसा रोलर स्टार्टर करून घ्यावा. जमिनीवर ठेवलेले दोन रोलर, त्यांना मोटर; मागचं चाक त्यावर ठेवायचं, गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. घराच्या अंगणापुरता हा उपाय सगळ्यात बिनधोक आहे. रस्त्यात बंद पडल्यावर अर्थातच उपयोगाचा नाही.

कागदपत्रांचं बघा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सेल्फनं इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, इंधन यांतलं काही बदलत नाही, तरी काम सुरू करण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमपी-११ वाल्यांनी धारला आणि एमपी-४१ वाल्यांनी देवासला, विचारून घ्यावं. इंजिनच बदलायचं असेल तर आधी परवानगी, मग काम. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि तेव्हा गाडी समोर उभी करावी लागते. नंबर जुळला नाही की तिथेच अडकते. क्रँककेस साफ करताना नंबर ग्राइंडरखाली जाऊ देऊ नका, हेही ओघानं आलं.

गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक विचार करा. २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. त्या नोंदणीचा विचार असेल तर चेनकेस उघडण्याआधीच ठरवा.

काढलेले जुने भाग, म्हणजे चेनकेसच्या दोन्ही बाजू, जुना स्टेटर, रोटर, बोल्टसकट, तेल लावून एका पेटीत ठेवा आणि पेटीवर गाडीचा नंबर लिहा. मेकॅनिक म्हणेल, "आता काय करायचं त्याचं, द्या इकडे." देऊ नका. मूळ भागांसह विकली जाणारी गाडी आणि त्यांच्याविना विकली जाणारी गाडी यांच्या किमतीत फरक पडतो, आणि सेल्फ एखाद्या दिवशी रुसला तर दोन तासांत गाडी पुन्हा पहिल्यासारखी करता येते.